ज्या वर्षी आम्ही वसईला गेलो नाही

आमच्या घराण्यात सहलीचं ठिकाण गौरीसमोर ठरायचं. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. गणपतीत आम्ही सगळे ठाण्याला कोळीवाड्यातल्या घरी, थोरल्या काकांकडे जमायचो. कल्याणहून धाकटे काका यायचे, डोंबिवलीहून आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि मी. गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळीचा, नैवेद्य दाखवला की पंगत बसायची आणि भात वाढला जात असताना थोरले काका विचारायचे, यंदा नंबर कोणाचा? तीन भाऊ, तीन घरं, त्यामुळे प्रत्येकाचा नंबर तीन वर्षांनी यायचा. ज्याचा नंबर त्या घरानं एका किल्ल्याचं किंवा लेण्याचं नाव सांगायचं. नाव तोंडातून बाहेर पडलं की ठरलं. मग नाताळच्या सुट्टीतल्या एका रविवारी सगळ्यांनी पहाटे निघायचं आणि संध्याकाळी दमून परत यायचं. गौरीसमोर सांगितलेलं बदलायचं नाही, असा नियम होता. तो कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो मोडायची कोणाची छातीही नव्हती.

किल्ले पाहायची ही हौस आमच्या आजोबांच्या पिढीला असणं शक्यच नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य खाडीत गेलं. बाबा आणि त्यांचे भाऊ हे आमच्यातले पहिले नोकरदार. खाडीचं पाणी खराब होत गेलं, मासळी आटली, आणि तिघांनीही होड्या सोडून टेबल-खुर्ची धरली. बाबा मुंबईत एका कचेरीत कारकून होते. इस्त्रीची पँट, खांद्याला पिशवी, पिशवीत किल्ल्यांच्या माहितीचं एक पुस्तक, अशा थाटात ते सहलीला निघायचे. आपल्याला इतिहास कळतो याचा त्यांना फार अभिमान होता. मला तेव्हा त्यांचा हा थाट आवडायचा. आता आठवला की आवडतो आणि रागही येतो.

आईला चढ मना होता. लहानपणी तिला मोठा ताप आला होता, सांधे सुजले होते, आणि त्यातून उठली ती हृदयाची एक झडप खराब करून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोंगर चढायचा नाही, दम लागेल असं काही करायचं नाही. आमच्या इमारतीत पाणी खालच्या नळाला यायचं आणि आई रोज सकाळी हंडा आणि कळशी घेऊन दोन मजले चढायची. त्याला चढ म्हणायचं हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.

त्यामुळे सहलीत ती पायथ्याशी बसायची. कार्ल्याला ती खालच्या चहाच्या टपरीवर बसली होती. माहुलीला गावातल्या एका घराच्या ओट्यावर बसून तिनं त्या घरच्या बाईला तांदूळ निवडून दिले. आम्ही वरून येईपर्यंत तिला त्या बाईची किती मुलं, कोणतं कुठे दिलंय, सासू कशी आहे, सगळं ठाऊक झालेलं असायचं. आमच्या पिशव्या तिच्याकडे, पाण्याचा कॅन तिच्याकडे, तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी तिच्याकडे. खाली आलो की आधी ती सगळ्यांना वाढायची आणि मग मला जवळ बसवून विचारायची, "वर काय काय होतं, बाय?" मी सांगायचे. दरवाजा केवढा, पाण्याचं टाकं कुठे, कडा किती खोल. ती असं ऐकायची की मला चेव चढायचा आणि मी दोन-चार गोष्टी पदरच्या घालायचे. बाबांच्या पुस्तकात नसलेले एक-दोन बुरूज तर मी तिच्यासाठी बांधलेसुद्धा.

मी दहावी पास झाले ते वर्ष आमच्या नंबरचं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घराण्यात दहावीला पहिला वर्ग मिळवणारी मी पहिली मुलगी, म्हणून बाबांनी जाहीर केलं की यंदा ठिकाण ही सांगणार. मी आठवडाभर हवेत होते. बाबांचं पुस्तक घेऊन मी गॅलरीत बसायचे आणि पानं उलटायचे.

एका दुपारी आई कोलंबी सोलत माझ्याजवळ येऊन बसली. पुस्तकात वसई आहे का, असं तिनं विचारलं. मी पान काढून दाखवलं. एक लहानसं काळपट चित्र होतं, पडकी भिंत आणि मागे माड. ती ते बराच वेळ बघत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते तोवर मला कोणीच सांगितलं नव्हतं.

तिचं माहेर कल्याणच्या खाडीवरचं. तिचे वडील मचवा घेऊन पार समुद्रापर्यंत जायचे. परत येताना खाडीत शिरायला भरती लागते, म्हणून सगळे मचवे वसईच्या किल्ल्याखाली थांबायचे. घरी उशीर झाला की बायका एकमेकींना सांगायच्या, किल्ल्याखाली असतील. आई लहान असताना एकदा तसाच उशीर झाला. भरती आली, बाकीचे मचवे आले, आणि शेवटच्या मचव्यातून तिच्या वडलांना आणलं ते झाकून. किल्ल्याखाली पाणी चढायची वाट बघता बघता त्यांच्या छातीत कळ आली होती आणि ते तिथेच गेले होते. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे कितीतरी वर्षं तिच्या मनात तो किल्ला म्हणजे एक मोठं दार होतं आणि वडील त्याच्या आत गेलेले होते. मोठी झाल्यावर तिला कळत होतं की तसं काही नसतं. तरी एकदा बघायचा होता.

"मना काय वर चढायचं नाय," ती म्हणाली. "नुसती भिंत बघायची हाय. आणि तिथं चढ नाय म्हणतात."

मी तिला सांगितलं की मी वसईच सांगणार. तिनं कोलंबीच्या हातानंच माझ्या गालाला हात लावला आणि मी वासानं तोंड फिरवलं. ती हसली. तिला इतकं हसताना मी क्वचित पाहिलं होतं.

आता वसईबद्दल आमच्या घरातल्या पुरुषांचं मत काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर मी जे केलं ते कळायचं नाही. आधीच्या वर्षी कल्याणच्या काकींनी वसईचं नाव सहज काढलं होतं, तेव्हा तिन्ही भाऊ पोट धरून हसले होते. तिथं काय सहल करायची, आपण तिथं भरतीची वाट बघत बिड्या फुंकल्यात, असं थोरले काका म्हणाले होते. खरंच, तरुणपणी तिघांनीही त्या भिंतीखाली मचवे लावले होते. त्यांच्या लेखी तो किल्ला नव्हताच, ती थांबायची जागा होती. डोंगरावर असतो तो किल्ला. घरातल्या एकाही बाईनं तो पाहिलेला नाही हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. ज्या बायकांनी आयुष्यभर त्या किल्ल्यामुळे ताटं झाकून ठेवली, त्यांना तो कसा दिसतो ते माहीत नव्हतं.

गौरीच्या दिवशी ठाण्याला पोचलो तर थोरल्या काकांचा मुलगा दारातच उभा. तो कॉलेजात होता, त्यानं गड चढायला नवे हंटर शूज घेतले होते आणि ते घालूनच तो घरभर फिरत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ए, यंदा काहीतरी कडक सांग हां. लोहगड सांग. नाहीतर सांगशील वसई-बिसई, सुकट बघायला." बाकीची भावंडं हसली. मीही हसले. हसताना मला कळत होतं की मी काय करते आहे.

पंगत बसली. गौरी समोर होती, तिच्यापुढे चिंबोऱ्यांचा नैवेद्य. आई भाताचं पातेलं घेऊन वाढत येत होती. थोरल्या काकांनी विचारलं, नंबर कोणाचा, आणि बाबांनी माझ्याकडे बोट केलं.  मला तेव्हा काय झालं ते मी पुढे हजार वेळा आठवून पाहिलं आहे. घाबरले नव्हते. विसरलेही नव्हते. मला एवढंच वाटलं की हे सगळे आता हसतील, आणि मला माझ्या पहिल्या वर्गाच्या वर्षी कोणी हसायला नको होतं.

"लोहगड," मी म्हटलं.

आई तेव्हा माझ्या पानासमोरच वाकली होती. तिचा हात थांबला नाही. तिनं मला भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेली. भावंडांनी ओरडा केला, बाबा खूश झाले, लोहगडाचा इतिहास सांगायला लागले. सगळ्यांच्या आवाजात आईचा आवाज मी नेमका ऐकला. ती काकींना सांगत होती, लोहगड चांगला आहे, पोरांना मजा येईल.

घरी परतताना मी तिला म्हटलं की पुढच्या नंबरला नक्की वसई सांगेन. हो, त्याला काय झालं, असं ती म्हणाली. पुढचा नंबर तीन वर्षांनी होता. सोळा वर्षांच्या मुलीला तीन वर्षं म्हणजे काहीच वाटत नाहीत.

डिसेंबरात आम्ही लोहगडला गेलो. मळवलीला उतरून भाजे गावापर्यंत चालत गेलो आणि तिथे एका घराच्या पडवीत आई बसली. थंडी होती, तिनं कानाला रुमाल बांधला होता, ओठ जरा निळसर दिसत होते. मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वर गेले नसते, आणि मला वर जायचं होतं. गडावर हंटर शूजवाला भाऊ विंचूकाटा माचीच्या टोकापर्यंत धावत गेला, बाबा पुस्तक उघडून एकेका दरवाज्याशी उभे राहिले. मला काहीच दिसत नव्हतं. खाली पवना धरणाचं पाणी चमकत होतं आणि मला ते पाणी नको होतं.

दुपारी खाली आलो. आईनं भाकऱ्या सोडल्या, सगळ्यांना वाढलं. मग नेहमीसारखी माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, वर काय काय होतं. मला तिचा राग आला. चूक माझी होती, तिनं चकार शब्द काढला नव्हता, आणि राग मलाच आला. काही नाही, नुसते दगड आहेत, असं मी म्हटलं आणि भाकरी खात राहिले. ती थोडा वेळ थांबली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग उठून भांडी आवरायला लागली. दरवर्षी तिला निदान माझ्या तोंडून तरी गड मिळायचा. त्या वर्षी तिनं वसई सोडली आणि मी तिला लोहगडही दिला नाही.

त्यानंतर आईची तब्येत उतरतच गेली. जिन्यात दोनदा बसावं लागायचं, मग चारदा. पाणी मी आणायला लागले, उशिरा का होईना. डॉक्टरांनी झडप बदलायचं ठरवलं, तारीखही मिळाली. त्या तारखेच्या अकरा दिवस आधी, सकाळी चहा गाळताना ती ओट्याला टेकली आणि तशीच खाली बसली, ती उठलीच नाही. आमचा नंबर यायला तेव्हा एक वर्ष बाकी होतं.

दुसऱ्या वर्षी पंगतीत थोरल्या काकांनी सवयीनं विचारलं, नंबर कोणाचा, आणि मग त्यांचं त्यांनाच आठवलं. बाबा म्हणाले, यंदा राहू दे. सहल राहिली ती राहिलीच. भावंडांच्या नोकऱ्या, लग्नं सुरू झाली, कोणी टिटवाळ्याला जागा घेतली, कोणी बदलापूरला, आणि गौरीला येणारी माणसंही कमी झाली. माझंही लग्न झालं. सासर ठाण्याचंच, घोडबंदर रोडला. लग्नानंतरही मी वसईला गेले नाही. एस.टी.च्या पाटीवर नाव दिसायचं, तासाभराचा रस्ता होता, आणि मी दुसरीकडे बघायचे.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी, नव्वदचं दशक अर्ध्याच्या पुढे गेलं होतं तेव्हा, मीच एक दिवस त्यांना म्हटलं की कुठेतरी जाऊन येऊ. त्यांना वाटलं गडावर. गुडघे राहिले नाहीत म्हणाले. मी म्हटलं, वसईला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चपला घालायला उठले.

आम्ही एस.टी.नं गेलो. गावातून रिक्षा केली ती थेट किल्ल्याच्या आत गेली. एक पायरी चढावी लागली नाही. पडक्या चर्चच्या भिंतींमधून सपाट वाट जाते, दोन्ही बाजूंना माड आणि चिंचा, आणि त्या वाटेनं झडप खराब झालेली बाईसुद्धा हळूहळू, बसत-उठत, समुद्राच्या दरवाज्यापर्यंत गेली असती. मी त्या वाटेवरची बसण्यासारखी एकेक जागा बघत चालले होते. इथे ती टेकली असती, इथे पाणी प्यायली असती. रडू येत होतं, आणि ते बाबांना दिसू नये म्हणून मी पुढे चालत होते.

दरवाज्याबाहेर बायका बोंबील वाळत घालत होत्या. एक म्हातारा जाळं विणत बसला होता. बाबांनी त्याला आपल्या बोलीत विचारलं, कल्याणकडचे मचवे कुठे थांबायचे. म्हाताऱ्यानं हात केला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथं पाणी मिळेल तिथं थांबायचे, म्हणाला. म्हणजे कुठली भिंत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ती आली असती तरी कोणी तिला नेमकं दाखवू शकलं नसतं.

आम्ही तटाच्या सावलीत बसलो. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. मी तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. आईनं मला वसई सांगायला सांगितलं होतं, मी कबूल केलं होतं, आणि मग भावंडं हसतील म्हणून लोहगड सांगितला. इतकी वर्षं मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मला वाटत होतं की बाबा मला बोल लावतील, आणि लावावा असंच मला वाटत होतं.

"मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "गौरीच्या आधीच बोलली होती मला. पोर वसई सांगणार म्हणून. नवी साडी काढून ठेवली होती तिनं."

 बाबा पाण्याकडे बघत सावकाश सांगत गेले. ठाण्याहून परत आल्यावर त्यांनीच आईपाशी विषय काढला होता. मी दादाला सांगून बदलून घेतो, गौर काही एवढ्यानं रागवायची नाही, असं म्हणाले होते. आईनं नको म्हटलं. पोरीनं चार माणसांत सांगितलंय, आता बदललंत तर तिचं तोंड पडेल, असं म्हणाली.

 बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला नाही.

"मी दुसऱ्यांदा विचारायला पायजे होतं," ते म्हणाले. "एकदा विचारलं, ती नको म्हणाली, मी बरं म्हटलं. मला पण लोहगडच बघायचा होता, बाय."